सहा महिने परदेशात राहायचंय? मग देश सगळ्यात शेवटी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही ६३, यजमान ६६, दोघांनाही भरपूर चालायची आणि डोंगर चढायची सवय, यजमानांना डायबेटीस आहे, इन्शुलिन चालू आहे पण सगळं कंट्रोलमध्ये, आणि एप्रिलपासून सलग सहा महिने युरोपात एकच घर घेऊन राहायचं मनात आहे. स्पेन की पोर्तुगाल, घर आत्ताच बुक करून टाकू का, क्रेडिट कार्डाबरोबर आलेला इन्शुरन्स पुरेल का आणि तिथे स्कूटर भाड्याने घेऊन फिरता येईल का, असे चार प्रश्न आहेत. रिटायर्ड लोकांचे असे लांबचे मुक्काम आखून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण हाच पहिला प्रश्न विचारतात, कुठला देश. आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो की तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा, आधी दिवस मोजा, मग तब्येतीचं आणि इन्शुरन्सचं बघा, या दोन चाळण्यांतून जे देश उरतील त्यातला आवडेल तो घ्या. उलटं केलं की घराचे पैसे भरून झालेले असतात आणि व्हिसा निम्म्याच दिवसांचा मिळतो.

दिवसांचं गणित बघू. स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतात, आणि शेंगेनचे २९ देश मिळून पाहुण्याला एकच कोटा आहे, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. व्हिसा दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री असला तरी हेच, व्हिसा न लागणारा पासपोर्ट असला तरी हेच. लोकांची फसगत अशी होते की ९० दिवस झाले, चार दिवस शेंगेनबाहेर जाऊन आलो की मीटर पुन्हा शून्यावर येतं असं त्यांना वाटतं. नाही येत. ज्या दिवशी तुम्ही आत आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, त्यात आत घालवलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत, आणि उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही पूर्ण धरतात, रात्री ११ ला उतरलात तरी. तुमचंच उदाहरण घ्या, १ एप्रिलला पोचलात तर २९ जून हा तुमचा नव्वदावा दिवस, त्या दिवशी बाहेर पडायलाच हवं, आणि पुन्हा आत पाय ठेवता येईल तो थेट २८ सप्टेंबरला. पूर्वी शिक्के पुसट असायचे, कोण मोजतंय अशी वृत्ती चालून जायची, पण ऑक्टोबर २०२५ पासून तिथे एन्ट्री-एक्झिटची डिजिटल सिस्टीम सुरू झालीये, बोटांचे ठसे आणि चेहरा घेतात, मोजणी कॉम्प्युटर करतो. एक दिवस जास्त झाला तरी दिसतो. त्यामुळे परतीची फ्लाइट नव्वदाव्या दिवसाची कधीच घेऊ नका, चार-पाच दिवस हातचे ठेवा, फ्लाइट कॅन्सल होणं, ताप येणं हे होतच असतं.

म्हणजे टुरिस्ट व्हिसावर एकाच घरात सहा महिने हा बेत मुळातच बसत नाही. दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे त्या देशाचा स्वतःचा लॉन्ग स्टे व्हिसा काढायचा. स्पेनचा नॉन-ल्युक्रेटिव्ह नावाचा आहे, म्हणजे तिथे काहीही काम न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांसाठी. त्याला आयप्रेम नावाच्या त्यांच्या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न किंवा तेवढी शिल्लक दाखवावी लागते, जोडीदारासाठी आणखी एकपट. पोर्तुगालचा डी-७ त्यांच्या किमान वेतनाला बांधलेला आहे, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे धरतात. फ्रान्सचा लॉन्ग स्टे व्हिजिटर व्हिसा आहे, तो एक वर्षापर्यंत मिळतो आणि पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायला लागतो, हे बरेच जण विसरतात. पण खरं सांगू का, नुसत्या सहा महिन्यांसाठी स्पेन-पोर्तुगालचे व्हिसे काढणं मला पटत नाही. ते तिथे बस्तान हलवणाऱ्यांसाठी आहेत, डी-७ घेतला तर पुढे वर्षातले बरेच महिने तिथे राहणं अपेक्षित असतं, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल सर्टिफिकेट, कागदांची अधिकृत भाषांतरं, वर्षभराचा हेल्थ इन्शुरन्स, एवढं सगळं करून सहा महिन्यांनी परत यायचं. फ्रान्सचा त्यातल्या त्यात सहा महिन्यांसाठी सुटसुटीत.

दुसरा रस्ता मुक्काम दोन तुकड्यांत करायचा, आणि तुमच्यासारख्या चालणाऱ्या माणसांना मी हाच सुचवतो. एप्रिलपासून जूनचा शेवटचा आठवडा लागेपर्यंत दक्षिण युरोप, तिथून पुढे तीन महिने ब्रिटन. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू देतो आणि ते शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. हवामानही असंच म्हणतंय, जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनच्या सेव्हिलसारख्या ठिकाणी पारा ४० च्या वर जातो, तेव्हा तिथे ट्रेकिंग काय, दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाणंही जड होतं, आणि स्कॉटलंडमध्ये जुलैत रात्री १० वाजेपर्यंत उजेड असतो. स्कॉटलंडमध्ये तर २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागून जवळपास कुठल्याही माळरानावरून, डोंगरावरून चालायचा हक्कच दिलेला आहे, कुंपण बघून मागे फिरायची वेळ कमी येते. फक्त तिथल्या पश्चिमेकडे उन्हाळ्यात मिज नावाच्या चिलटांचे थवे असतात, डोक्यावर घ्यायची जाळी घेऊन जा, मस्करी करत नाहीये.

इतर देशांचं थोडक्यात सांगतो कारण तुमचं मन बदलू शकतं. थायलंडला पन्नाशीच्या पुढच्यांसाठी रिटायरमेंटवर मुक्काम देतात, बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५ हजार बाथ उत्पन्न ही नेहमीची अट, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि मधेच शेजारच्या देशात फिरायला जायचं असेल तर आधी री-एन्ट्री परमिट घ्यायचं, ते न घेता बाहेर पडलात तर परवानगी तिथेच संपते. अमेरिकेत व्हिसावरची तारीख बघून थांबू नका, आय-९४ वर, म्हणजे आत येताना होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर, जी तारीख असते तीच खरी. कॅनडात मुलं किंवा नातवंडं स्थायिक असतील तर सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर ८५०३ ही कंडिशन आहे का ते बघा, असली तर तिथे बसून मुदत वाढवून मिळत नाही.

टॅक्सचा मुद्दा दिवसांबरोबरच येतो. कित्येक देशांत वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट धरले जाऊ शकता, म्हणजे पेन्शन, व्याज सगळं तिथल्या रिटर्नमध्ये. अमेरिकेचं तर आणखी तिरकं आहे, चालू वर्षाचे पूर्ण दिवस अधिक मागच्या वर्षाचे एक तृतीयांश अधिक त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश अशी बेरीज करतात. म्हणजे दरवर्षी १२२ दिवस लेकीकडे राहणारे आईबाबा तिसऱ्या वर्षी बरोब्बर १८३ वर जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. त्यातून सुटायला फॉर्म आहे, पण तो वेळेत भरावा लागतो. तुमच्या तीन-तीन महिन्यांच्या प्लॅनमध्ये ही भानगड सहसा येत नाही, तरी सीएला एकदा विचारून घ्या.

आता तब्येत. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

कार्डाबरोबरचा इन्शुरन्स तुम्हाला पुरणार नाही, हे तुमची पॉलिसी न बघताही सांगतो. असल्या कव्हरला बहुतेक वेळा ट्रिपच्या लांबीची मर्यादा असते, कुठे ३० दिवस कुठे ६०, त्यापुढच्या दिवसाला काही झालं तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही ट्रिपवर नाहीतच. वयाची मर्यादा वेगळी, आणि डायबेटीस आधीपासून आहे म्हणून त्यातून उद्भवलेलं काहीही वगळलेलं असण्याची शक्यता दाट. स्वतंत्र लॉन्ग स्टे पॉलिसी घ्या. घेताना जुने आजार एकूणएक लिहून द्या, ब्लड प्रेशरची अर्धी गोळीसुद्धा. प्रीमियम वाढेल म्हणून लपवलेली ती अर्धी गोळी क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून बाहेर येते. स्टेबल पिरियड काय आहे ते विचारा, बऱ्याच पॉलिसीत शेवटच्या ठराविक दिवसांत औषध किंवा डोस बदललेला नसावा अशी अट असते, त्यामुळे डॉक्टरांकडे जाऊन डोस सेट करून घ्यायचा तो निघायच्या आठवड्यात नाही, चार-सहा महिने आधी. मुदतवाढ हवी असेल तर पॉलिसी संपायच्या आत मागावी लागते, संपल्यावर नाही. शेंगेन व्हिसासाठी ३० हजार युरोचं कव्हर लागतं, पण ती व्हिसा ऑफिसची किमान अट आहे, हृदयाचं ऑपरेशन आणि आयसीयू धरलं तर ती रक्कम कधी संपेल कळणार नाही. ब्रिटनमध्ये सरकारी हॉस्पिटल असलं तरी पाहुण्याला अॅडमिट केलं की साधारणपणे त्यांच्या दराच्या १५० टक्के बिल लागतं.

आणि तुम्ही डोंगरात जाणारे, तर दोन ओळी शोधून वाचायच्याच: किती मीटर उंचीपर्यंत ट्रेकिंग कव्हर आहे आणि डोंगरातून उचलून आणायचा खर्च, हेलिकॉप्टरसकट, आहे का. हॉस्पिटलचा खर्च आहे पण हॉस्पिटलपर्यंत आणायचा नाही अशा पॉलिसी मी भरपूर बघितल्यात.

औषधांचं एक उदाहरण देतो, यजमानांच्या कामाचं आहे. माझ्याकडचं एक जोडपं, गृहस्थ कुपीतलं इन्शुलिन घेणारे. घरची कुपी ४० युनिटची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट, सिरिंजही त्याच खुणांची, लाल टोपीची. परदेशात स्टॉक संपला तेव्हा फार्मसीत जी कुपी मिळाली ती १०० युनिटची, कारण युरोप-अमेरिकेत तीच चालते. जुन्या सिरिंजने जुन्याच खुणेपर्यंत ओढलं असतं तर अडीचपट डोस गेला असता. काउंटरवरच्या बाईंनी सिरिंज दाखवा म्हटलं म्हणून लक्षात आलं, त्यांनी जुनी सिरिंज परत ठेवायला लावली आणि केशरी टोपीच्या नव्या सिरिंज दिल्या. म्हणून निघायच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांशी बोलून पेन किंवा १०० युनिटवर जाणं शक्य आहे का बघा, आणि जायच्या आधी हात बसू द्या. शुगरचे आकडेही तिथे वेगळे दिसतात, ब्रिटनमध्ये मीटर मिलीमोलमध्ये असतं, तिथला आकडा १८ ने गुणला की आपल्या सवयीचा मिलिग्रॅमचा आकडा येतो. मीटरवर ७ बघून घाबरू नका, ते १२६ आहे.

बाकी औषधं मूळ पाकिटात, अर्धी याच्या आणि अर्धी त्याच्या हॅन्डबॅगेत, चेक-इनमध्ये एकही नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाही तर जेनेरिक नाव हवं, आणि तेही देशागणिक बदलतं, पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं, दम्याचं सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. झोपेच्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडॉलसारखी कडक वेदनाशामकं असलं काही असेल तर त्या देशाचा नियम आधी बघा, दुबई-अबू धाबीमधून जाताना हे अंगाशी येऊ शकतं, आणि जपानमध्ये तर सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा चालत नाहीत. ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी, चेकच्या जंगलांत चालणार असाल तर गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस आहे, पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने असतात, निघायच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

एवढं झालं की मग जागा. इंटरनेटवरचे फोटो सगळे मे महिन्यातले असतात हे लक्षात ठेवा. पोर्तुगालमधल्या पुष्कळ घरांना सेंट्रल हीटिंग नसतं, जानेवारीत बाहेर छान ऊन आणि आत ओल. लिस्बन म्हणजे चढउतार आणि गुळगुळीत दगडी फरशा, पाऊस पडला की गुडघ्यांपेक्षा कंबरेची काळजी. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पाण्याच्या पाटांच्या कडेने जाणाऱ्या लेवाडा नावाच्या पायवाटा अप्रतिम आहेत, पण काही ठिकाणी एका बाजूला सरळ कडा, उंचीची भीती असेल तर जमणार नाही. युरोपबाहेर बघाल तर थायलंडमधल्या चियांग माईला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊच नये, आणि इक्वाडोरमधलं कुएन्का हे रिटायर्ड लोकांचं लाडकं गाव अडीच हजार मीटरवर आहे, पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागते.

घर आत्ता बुक करू नका. पहिल्या दहा-बारा दिवसांपुरतं रद्द करता येईल असं घ्या, व्हिसाला दाखवायलाही काहीतरी लागतंच, आणि उरलेलं तिथे पोचून, प्रत्यक्ष बघून ठरवा, महिन्याच्या भाड्याने घेतलं की दिवसाच्या दरापेक्षा खूप खाली येतं. पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या अल्गार्व्हसारख्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे भाडी उतरलेली असतात आणि जून लागला की मालकाला तुम्ही नको असता, म्हणून करारात शेवटची तारीख स्वच्छ लिहून घ्या. बघायला जाल तेव्हा एकदा दिवसा आणि एकदा रात्री १० नंतर जा. खाली बार आहे का, लिफ्ट चालू आहे का की नुसती आहे, बाथरूमला पकडायला काही आहे का, गादी कशी आहे (झोपून बघा, लाजू नका), जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ मालकासमोर काढा, डिपॉझिटची भांडणं तिथेच मिटतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक गंमत होते, बघायचं बघून होतं आणि मंगळवारी सकाळी दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. त्यावर आठवड्याचा काहीतरी ठरलेला कार्यक्रम लागतो, आणि निदान एक तरी असा की ज्यात नवराबायको वेगवेगळे जातात. पार्करन नावाचा एक प्रकार आहे, शनिवारी सकाळी ५ किलोमीटर, फुकट, चालत केलं तरी चालतं. २००४ साली लंडनमध्ये सुरू झालं, ब्रिटनभर आहे, एकदा नाव नोंदवलं की तोच बारकोड सगळीकडे. युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज हे १९७३ साली फ्रान्सच्या तुलूझमध्ये सुरू झालेलं रिटायर्ड लोकांचं शिकायचं मंडळ, स्पेनच्या कोस्टा ब्लांका किनाऱ्यावर त्याचे इंग्रजीतून चालणारे ग्रुप आहेत, त्यात वॉकिंग ग्रुप असतोच. भाषेचा क्लास पहिल्या आठवड्यातच लावा, व्याकरण राहू दे, माणसं भेटतात.

कुणीतरी तुम्हाला हाउससिटिंग सुचवेल, म्हणजे लोकांची घरं आणि कुत्री सांभाळायची आणि फुकट राहायचं. ऐकायला झकास, पण बऱ्याच देशांत राहण्याच्या बदल्यात सेवा म्हणजे काम धरलं जातं आणि व्हिजिटर व्हिसावर काम चालत नाही. एअरपोर्टवर सहज बोलून गेलात तरी अडवू शकतात.

मागे घर बंद राहणार त्याचं. होम इन्शुरन्समध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर कव्हर थांबतं असं कलम असतं, ते बघा. पाण्याचा मेन कॉक बंद, चावी एका विश्वासू माणसाकडे. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा आणि जायच्या आधी महिनाभर त्याचं बिल ऑटो-पेवर टाकून बघा, अर्ध्या रात्री येणारे फोन मला याच कारणाने येतात. दोन वेगळ्या बँकांची, वेगळ्या नेटवर्कची कार्डं, एक पाकिटात एक घरी. दुकानातलं मशीन तुमच्या चलनात पैसे घेऊ का विचारेल, नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या, त्यांचा रेट कायम वाईट असतो. आणि मुलाच्या किंवा भावाच्या नावे मर्यादित कामांपुरतं कुलमुखत्यारपत्र निघायच्या आधी करून ठेवा. परदेशात गेल्यावर करायचं म्हटलं तर तिथला नोटरी, वर अपोस्टिल म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मग कुरियर, आणि तोवर इकडे मुदत टळलेली असते.

स्कूटरचं. तुमच्या लायसन्सवर टू-व्हीलरचा वर्ग नसेल तर इंटरनॅशनल परमिट काढूनही तो वर्ग येत नाही, परमिट म्हणजे फक्त मूळ लायसन्सचं भाषांतर. भाड्याने देणारा काही न विचारता चावी देईल, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारतो, आणि लांब मुक्कामातले जे मोठे क्लेम नाकारलेले मी पाहिलेत त्यात स्कूटरचे बरेच आहेत. वर्ग असेल, हेल्मेट घालणार असाल आणि पॉलिसीत टू-व्हीलर किती सीसीपर्यंत कव्हर आहे ते बघितलं असेल तर खुशाल घ्या. नसेल तर ई-बाइक घ्या, पेडल मारल्यावरच मोटर लागणारी आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी, युरोपियन युनियनमध्ये ती सायकलच धरतात, लायसन्स लागत नाही आणि चढावर यजमान मागे राहणार नाहीत.